चौथ्या घरातली युती

आपण चुकू शकतो हे कोपरीच्या आठल्येकाकांना मान्य होतं, पण ते तत्त्वापुरतं. रेल्वेच्या कचेरीत एकतीस वर्षं वेळापत्रकं जुळवलेला माणूस. पत्रिकाही तशाच मांडायचा, मिनिटाला मिनिट लावून आणि एक पैसा न घेता. "ग्रह लेट धावत नाहीत," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावर दर वेळी नव्याने हसणारी एकच व्यक्ती होती, काकू, आणि त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

त्या सकाळी रुचिता दोन जिने चढून आली ती सातव्या महिन्याचं पोट सावरत. पाणी प्यायली आणि घड्यांवर फाटत चाललेला एक कागद तिने काकांपुढे ठेवला. पत्रिका तिचीच होती आणि अक्षर काकांचं.

"काका, हे तुम्ही लिहिलेलं ना?"

काकांनी चष्मा चढवला. चौथ्या घरात मीन राशी, आणि तिथे शनी आणि चंद्र शेजारी शेजारी, म्हणजे युती. चौथं घर आईचं, चंद्र आईचा, आणि त्याच्या मानेवर शनी. खाली पंचेचाळिशीतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'माय-लेकींनी एका छपराखाली राहू नये. एकीला जड जाईल.'

"लिहिलंय खरं," काका म्हणाले.

"मी सहा महिन्यांची होती, सारखी आजारी. मावशीने तुम्हाला विचारलं, तुम्ही हे सांगितलं, आणि आईने मला डोंबिवलीला मावशीकडे ठेवलं. आई कळव्याला. दर रविवारी यायची, मला जेवू घालायची, आणि मी झोपायच्या आत निघून जायची. माझ्या लग्नात पण हॉलवर राहिली नाही. शेवटच्या गाडीने घरी गेली आणि पहाटे पहिल्या गाडीने हळदीला हजर." रुचिता थांबली. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं, काका. मला आईकडे जायचंय. आणि ती दार अडवून उभी आहे. म्हणते, तुला नाहीतर बाळाला काही झालं तर?"

काकांनी चष्मा काढला. पंचेचाळिशीत माणूस किती सहज लिहून जातो! लिहिलं, चहा प्यायले, विसरले. आणि तिकडे एक बाई अठ्ठावीस वर्षं रविवार मोजत बसली.

"थांब, पुन्हा मांडून बघतो," असं म्हणत त्यांनी जुनी वही काढली. "तुझ्या मावशीने सांगितलेलं, मंगळवार, रात्री दोन. अकरा मार्च, सत्त्याण्णव. बरोबर?"

"बारा मार्च. दाखल्यावर बाराच आहे."

"अगं, मंगळवारी अकरा होती."

"हो, पण मंगळवारी रात्री जेवणं झाल्यावर आईला दवाखान्यात नेलेलं. मावशी अजून सांगते, ताटं घासायची राहिली म्हणून."

काकांचा हात वहीवरच राहिला. कचेरीत बाराच्या ठोक्याला तारीख बदलायची, म्हणून त्यांच्या लेखी मंगळवारी रात्री दोन म्हणजे सोमवार संपून नुकताच लागलेला मंगळवार. मावशीचा मंगळवार मात्र बुधवारचं तांबडं फुटेपर्यंत चालू होता, चारचौघांचा असतो तसाच. अहो, पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयालाच बदलतो! हे ज्याने जगाला सांगायचं, तोच घड्याळाला भुलला.

पूर्ण एक दिवसाची चूक. शनी ढिम्म, दिवसभरात जागचा हलत नाही. चंद्र मात्र पळतो. बारा तारीख लागल्यावर दोनला तो मीन सोडून मेषेत, पुढच्या घरात जाऊन बसला होता. चौथ्या घरात शनी एकटा. युती नव्हतीच.

काकांनी तीन वेळा ताळा केला. मग उठून सदरा घातला. "चल, तुझ्या आईकडे."

कळव्यापर्यंत रिक्षात ते मनाशी एक सोयीचं वाक्य घोकत होते. दशा संपली, आता भीती नाही. खोटं होतं, पण दयेचं. नाहीतर त्या बाईला काय सांगायचं, तुझी अठ्ठावीस वर्षं माझ्या एका आकड्यापायी गेली?

शेवंतीबाईंनी दार उघडलं. काकांना ओळखून पदर सावरला, लेकीकडे पाहून कावऱ्याबावऱ्या झाल्या. खुर्ची दिली, पण रुचिताला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं, लगेच निघायचं असल्यासारखं.

"शेवंतीबाई," काकांनी घोकलेलं म्हणून टाकलं, "ती दशा आता संपली. पोरीला घरी आणा."

बाईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा विझला. "पण काका, युती तर पत्रिकेत राहतेच ना? दशा गेली तरी? उद्या बाळाला भोवली तर मी कुठे जाऊ?"

आता लपायला जागा उरली नाही. काका खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"युती नाही. कधी नव्हतीच. मी तारीख चुकलो, एक दिवस अलीकडची धरली. दोष ग्रहांचा नाही, माझा आहे. मला क्षमा मागायलाही तोंड नाही."

शेवंतीबाई पुढे आल्या.

"म्हणजे ती माझ्याजवळ राहिली असती, तर काही झालं नसतं?"

"काही नाही."

"तापात पण मी तिच्या उशाला बसले नाही हो. तिचे केस विंचरायचे तेसुद्धा सूर्याकडे बघत, की उशीर तर होत नाही ना. एक दिवस चुकलात तुम्ही. माझ्या पोरीचं लहानपण गेलं सगळं."

काका मान खाली घालून ऐकत राहिले. ऐकणं एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी चुकवलं नाही. रुचिता उठली, आईच्या गळ्यात पडली आणि दोघी मोकळेपणी रडल्या.

डोळे पुसून शेवंतीबाई पहिल्यांदा लेकीकडे नीट पाहू लागल्या. "पाय किती सुजलेत गं. झोप जरा."

"इथे?"

"मग कुठे?" त्यांनी स्वतःच्या पलंगावरची चादर झटकली, उशी थोपटली. रुचिता भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि जिन्यांनी, रडण्याने दमलेली ती बघता बघता झोपली. शेवंतीबाई पलंगाच्या कडेला बसून तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

निघावं म्हणून काका खाकरले. "शेवंतीबाई, बाळाची पत्रिका मात्र मी..."

"बाळाची पत्रिका नको," त्या वळल्याही नाहीत. "आणि हळू बोला, काका. ती झोपलीय. मी बघतेय."