आमसुलाच्या पाण्यातला कलहंस

कमळाने आमसुलाच्या पाण्यात हात घातला. हाड मऊ पडलं होतं. उचललं तर मधोमध दोन तुकडे!

नवरा, श्रीपती मास्तर, दहादा बजावून गेला होता, “त्याला हात लावू नको गो.” पण हे मेले हात गप्प बसतील तर शपथ! त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, पावस गावातल्या त्यांच्या बागेत विहीर खणताना जांभ्या दगडाखालच्या काळ्या मातीत ते सापडलं. मास्तरांनी चित्र काढून पुण्याला धाडलं. तिथल्या प्राध्यापकांचं उत्तर आलं, कलहंसाच्या पंखाचं हाड दिसतंय, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या जातीचं, बघायला येतो, हात लावू नका. त्याआधी अख्खा गाव ‘हाडवाले मास्तर’ म्हणून चिडवायचा. पत्र आल्यापासून मास्तर कसे ताठ चालत होते!

आज प्राध्यापक यायचे म्हणून मास्तर त्यांना आणायला एसटीवर गेले. एवढा पुण्याचा माणूस, त्याला चिखलाने बरबटलेली वस्तू दाखवायची? समया उजळायला आमसुलं भिजत घातलीच होती. तिने हाडही त्यातच सोडलं. बारीक बुडबुडे आले तेव्हा बाईला वाटलं, मळ सुटतोय. कर्म!

कुत्र्याने नेलं म्हणावं? विहिरीत टाकावं? भाताच्या खळीने चिकटवू गेली तर अर्ध्याचा भुगाच झाला. इतक्यात कुंपणाच्या बेड्याची आडवी काठी सरकल्याचा आवाज आला; मास्तर पाहुण्यांना घेऊन आले होते. तुकडे ताटात घालून, ताट ओटीवर ठेवून ती दाराआड उभी राहिली.

प्राध्यापकांनी तुकडा हुंगला. “आंबट? कोणी धुतलं हे?”

मास्तरांनी ताटाकडे पाहिलं, मग लखलखणाऱ्या समयांकडे. त्यांचा चेहरा खाडकन उतरला. “मीच,” ते म्हणाले.

“तुम्ही? अहो, विज्ञान शिकवता ना? आंबटात हाड विरतं हे पोरांनाही कळतं!”

मास्तर मान खाली घालून उभे राहिले. कमळाला ते बघवेना. ती ओल्या हातांनीच बाहेर आली.

“त्यांना नका बोलू. ते बजावून गेले होते. मीच बुडवलं.” आणि तिला रडूच फुटलं.

प्राध्यापकांनी वही उघडली. “माप घेतलं होतंत?”

“नाही,” मास्तर पुटपुटले. “तुम्ही आल्याशिवाय हात लावायचा नव्हता.”

“मी हातावर आडवं धरून नेलं होतं,” कमळा हुंदका आवरत म्हणाली. “कोपरापासून मनगटापर्यंत बरोब्बर भरत होतं.”

तिने आमसुलाने लाल झालेला हात पुढे केला. प्राध्यापकांनी टेप लावला. हात हलू नये म्हणून तो मास्तरांनी खालून धरून ठेवला.