टीव्हीत आबा, ट्रॅक्टरात आवाज

सणसरच्या रामहरी आबांना जाऊन वर्ष झालं. घरात त्यांचे फोटो चार, चारींना हार. तरी त्यांची बायको ठमाबाई महिनाभर एकच घोकत होती, "त्वांड ध्येनात हाय, पर आवाज इसरत चाललाय."

आवाज उरला होता एकाच ठिकाणी. लेकीच्या, श्रेयाच्या लग्नाच्या व्हिडिओत. व्हिडिओवाल्यानं तीन तासांवर गाणी चिकटवली होती, तेवढे अकरा सेकंद विसरला होता. भर मांडवात आबांनी माईक हिसकावून बायकोला विचारलं होतं, "अगं ए, सगळ्यांस्नी वाढलंस, तू जेवलीस का?" तेव्हा ठमाबाई लाजून चुलीमागं लपली होती.

ते ऐकवायला म्हणून जळोचीचे जावई निहारराव वर्षश्राद्धाला टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर घेऊन आले. आदल्या दिवशीच आले. आल्या आल्या त्यांच्या मेव्हण्यानं, सौरभनं, तो कॉम्प्युटर ब्लूटूथवर ट्रॅक्टरच्या डेकला जोडून दोन गाणी वाजवून बघितली आणि जोडणी काढायचं विसरून गेला. सौरभच्या ट्रॅक्टरला पेटीएवढे चार स्पीकर. डेक बंद करायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

श्राद्धाच्या दुपारी जावयांनी कॉम्प्युटरची वायर टीव्हीला लावली. चित्र आलं, लख्ख. मांडव, पंगत, आबांचा फेटा. आवाज नाही.

"टीव्हीच बहिरा दिसतोय," म्हणत जावयांनी आवाज शंभरावर नेला. बाहेर अंगणात ट्रॅक्टरवर लग्नाचा बँड दणाणला.

"सौऱ्या!" आबांचे थोरले भाऊ भीमातात्या ओरडले. "बापाच्या श्राद्धाला गाणी?"

"म्या न्हाय लावली, तात्या! त्यो आपला आपणच वाजतोय!"

मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, व्हिडिओचा आवाज ट्रॅक्टरात जातोय. पण सांगायचं कुणी? सासरवाडीत जावयाची चूक काढायची म्हणजे पुढं दोन दिवाळ्या तो रुसलेला.

"पाव्हणं बरोबरच करत्यात," तात्या म्हणाले. पाव्हणं वायर काढून, फुंकून, परत लावत होते.

छपरावर पान ठेवलेलं. तासभर कावळा फिरकला नव्हता. आत्ता कुठं एक आला, त्यानं चोच वाकवली, आणि ट्रॅक्टर गरजला, "अगं ए, सगळ्यांस्नी वाढलंस, तू जेवलीस का?"

कावळा जो उडाला तो थेट कॅनॉलपलीकडं.

"घ्या! आबानं सोताच सोताला हाकललं," तात्या म्हणाले.

कुणी हसलं नाही, कारण ठमाबाई उठली होती. हाच तो आवाज. बांधावरून हाक मारायचे तसा, छातीतून आलेला. ती अनवाणीच अंगणात गेली आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसली. तिथंच बसून ती वर्षानुवर्षं आबांसंगं रानात जायची.

"न्हाय जेवले अजून," ती स्पीकरला म्हणाली. मग घराकडं तोंड करून, "पाव्हणं, जरा म्हागं घ्या की. परत लावा."

जावयांनी मागं घेतलं. आणि नेमकी तेव्हाच त्यांना चूक सापडली. आवाज कुठं पाठवायचा त्या यादीत ट्रॅक्टरचा डेक होता, त्यांनी टीव्ही केला.

"आला! कंपनीचाच फॉल्ट होता!"

आबा टीव्हीतून बोलले. बारीक, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे. अंगणात ट्रॅक्टर गप्प. ठमाबाई वाट बघत बसलेली. श्रेयानं तिला आत नेलं, जावयांनी तीनदा ऐकवलं.

"कसा आलाय आवाज, मामी?"

"लई ब्येस, पाव्हणं." तिनं पदर तोंडाला लावला. टीव्हीत बोलणारा हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता.

सौरभ तिच्या कानाशी वाकला. "आये, जोडू का परत ट्रॅक्टरला?"

"गप ऱ्हा. पाव्हण्यांनी एवढ्या खटपटीनं जोडलंय."

पंगती उठल्या. श्रेया ताट वाढून आईला शोधत अंगणात आली, तर ती परत मडगार्डवर.

"आये, चार वाजलं. जेवून घे की."

"थांब गं," ठमाबाई स्पीकरकडं बघत म्हणाली. "त्येंनी इचारू दे की आधी."