भादरलेला पोमेरियन

तळेऱ्याच्या तिठ्यावर सापडलेलं ते कुत्रं बाबा सामंतांकडे येऊन एकवीस दिवस झाले होते. बाबा निवृत्त ग्रंथपाल, त्यामुळे आधी कुत्र्यांच्या जातींचं पुस्तक निघालं, त्यातलं पोमेरियनचं पान. तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं, कान आखूड नि ताठ, शेपूट पाठीवर वळलेलं. स्वभाव संशयी, परक्यावर सारखं भुंकणारं. सगळं जुळत होतं, केस तेवढे नव्हते. कुसळं गुंतली म्हणून शेजारच्या सलीमाने शिवणाच्या कात्रीने त्याला पार भादरून टाकलं होतं.

आज कोल्हापूरहून रसिका नावाची बाई तिठ्यावर चौकशी करत ‘हरवलेलं कुत्रं आमचं’ म्हणत दारात आली. तिच्या मोबाइलमध्ये पांढऱ्या कापसाचा गोळा होता. आणि ओसरीवरचं कुत्रं तिच्यावर असं भुंकत होतं की बोलणं ऐकू येईना.

"मालकिणीवर कोण भुकता?" सलीमा कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाली. "बाबानु, माका काय ही बाय खरी वाटणा नाय. असली कुत्री म्हाग विकतत."

"मला तो कधीच जुमानत नाही," रसिका म्हणाली. "तो सासऱ्यांचा."

"मगे सासरे खंय आसत?"

"गाडीत. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत."

खाली उभ्या गाडीच्या काचा काळ्या होत्या. बाबांना संशय आला. मग त्या संशयाचाच संशय आला. कुत्रं जाऊ नये म्हणून तर ही बाई आपल्याला लबाड दिसत नाही ना? बायको गेल्यापासून त्यांच्या पावलांकडे कान लावून बसणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

"फोटोत दिसत नाही अशी एखादी खूण सांगा," ते चाचरत म्हणाले.

रसिकाने विचार केला. "सासरे जेवताना पानाभोवती पाणी फिरवतात, तसं त्याच्या ताटलीभोवतीही. त्याशिवाय तो घासाला तोंड लावत नाही."

बाबांनी ओसरीवरच्या ताटलीकडे पाहिलं. पहिल्या दिवशी ते उपाशी कुत्रं दूधभातासमोर नुसतं बसून राहिलं होतं. बाबांनी आपल्या पानाभोवती पाणी फिरवलं, उरलेलं सहज त्याच्या ताटलीभोवती, तेव्हा कुठे ते तुटून पडलं. ही गोष्ट त्यांनी सलीमालाही सांगितली नव्हती.

"खोटा ना, बाबानु?"

"नाही. खरं आहे."

त्यांनी कुत्रं उचललं आणि पायऱ्या उतरले. काच खाली झाली. आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्या उघड्याबोडक्या प्राण्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं.

"हा आमचा नव्हे. कुणाचंही कुत्रं गळ्यात बांधताय होय?"

बाबांनी नुसतं मागे वळायचं होतं, कुत्रं त्यांचंच राहिलं असतं. कुत्र्याचं शेपूट मात्र त्यांच्या मनगटावर फटाफट आपटत होतं.

"तुमचाच आहे," बाबा म्हणाले. "केस आम्ही कापले. पाणी फिरवल्याशिवाय जेवत नाही."

गृहस्थांनी दार उघडलं.

गाडी हलली तसं कुत्रं काचेला नाक लावून जोरजोरात भुंकू लागलं.

"बगा," सलीमा म्हणाली, "आता तुमच्यावर भुकता."

"पुस्तकात लिहिलंय तसंच, परक्यावर," बाबा म्हणाले. पण त्यांची खात्री नव्हती.