भिंतीचा आधीचा फोटो

शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास पूर्व अम्मानमधल्या एका बालवाडीच्या अंगणात निळ्या टी-शर्टातली दहा-बारा मोठी मुलं उतरली आणि बालवाडीच्या दर्शनी भिंतीला चिखल फासू लागली. मुख्याध्यापिका इब्तिसामबाई शेजारीच उभ्या होत्या. बादली त्यांनीच दिली होती.

भिंत स्वच्छ होती, हीच अडचण होती. तीन आठवड्यांपूर्वी हिरव्या टी-शर्टवाल्या शाळेने ती रंगवली होती. पिवळा सूर्य, दोन कबुतरं, उघडं पुस्तक आणि खाली रंगीत हातांचे ठसे. त्याआधीच्या शाळेने पिवळा सूर्य, दोन कबुतरं आणि पृथ्वीचा गोल काढला होता. त्याच्याही आधी काय होतं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण सूर्य असणारच.

हे सगळं ‘बदलाचे हात’ या स्पर्धेसाठी चालायचं. शहराच्या पश्चिमेकडच्या महागड्या शाळांतल्या मुलांनी गरजू ठिकाणी जाऊन उपक्रम करायचा आणि तो परीक्षकांना दाखवायचा. जिंकणाऱ्या गटाला जिनिव्हाची सहल आणि एक प्रमाणपत्र. परदेशातल्या विद्यापीठांच्या अर्जाला ते जोडलं की वजन पडतं, असं पालकांचं ठाम मत होतं. स्पर्धेला चार गोष्टी लागत: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, लाभार्थींचा आकडा आणि संस्थेच्या प्रमुखांची सही. केलेल्या कामाची कुणाला गरज होती का, हा रकाना नव्हता. त्यामुळे एकाच बालवाडीतली तीच पोरं चार शाळांच्या अहवालांत चारदा लाभार्थी झाली होती. त्यातल्या निम्म्यांना अजून आपलं नाव लिहिता येत नव्हतं.

इब्तिसामबाई या शाळांना येऊ देत, कारण जाताना त्या काहीतरी ठेवून जात. कुणी रॉकेलचा हीटर, कुणी खडूंची खोकी. आणि दुसरं कारण म्हणजे त्यांना संडास हवा होता.

बालवाडीत एकच संडास होता. नव्या नियमाप्रमाणे एवढ्या मुलांना दोन लागत. नोव्हेंबरअखेर दुसरा झाला नाही तर परवान्याचं नूतनीकरण होणार नाही, असं निरीक्षकांनी स्पष्ट सांगितलं होतं. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. चहा घेतला, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तारीख सांगून गेले. बालवाडी बंद पडली तर या टेकडीवरच्या वस्तीतल्या बायकांना शिवणाच्या कारखान्यात जाणं सोडून घरी बसावं लागलं असतं. म्हणून येणाऱ्या प्रत्येक शाळेला इब्तिसामबाई एकच विनंती करत. निळ्या शाळेच्या उपक्रमप्रमुख मिस दीमांनाही त्यांनी गुरुवारी फोनवर ती केली होती.

“भिंत जरा फारच नीट दिसतेय हो,” मिस दीमा म्हणाल्या होत्या. “तुम्ही पाठवलेला फोटो बघितला मी. आधीचा फोटो काढायचा कसा?”

“संडासाचं काम घ्या ना. त्याचा आधीचा फोटो तयारच आहे.”

“मिस इब्तिसाम, तुम्ही पण ना. टॉयलेटसमोर कोण उभं राहणार फोटोला? पालक काय टाकतील फेसबुकवर, आमची लेक आणि कमोड?”

“मुलांनी खणायला नको. माणूस लावा, मुलं नुसती उभी राहतील.”

“पुढच्या टर्मला बघू. शंभर टक्के बघू. सध्या भिंत थोडी मळवता येईल का? रविवारी अर्जाची शेवटची तारीख आहे.”

इब्तिसामबाई हो म्हणाल्या. पुढच्या टर्मच्या आशेवर त्या आत्तापर्यंत चार वेळा हो म्हणाल्या होत्या.

तर शनिवारी, सुट्टी असूनही, लाभार्थी म्हणून वीसेक पोरं बोलावलेली होती. झाडलोट आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या उम्म कुसयने नळाखालची माती, चुलीतला कोळसा आणि कालच्या चहाचा चोथा बादलीत कालवून दिला. मोठी मुलं आधी बोटांच्या टोकांनी, मग मुठी भरून फासू लागली. मिस दीमा मोबाइल डोळ्यासमोर धरून मागे मागे सरकत होत्या.

“डावीकडे अजून. ते कबूतर अजून हसतंय.”

तालिया नावाची दहावीतली मुलगी कबुतराच्या तोंडावर चोथा थापत म्हणाली, “मिस, आपण हे दुपारी पुसणार, मग परत रंगवणार. थेट वरूनच भिंत रंगवली असती तर?”

“मग बदल कुठे दिसणार, हबीब्ती?” मिस दीमा लाडाने म्हणाल्या.

छोट्या पोरांना वाटलं, हाच उपक्रम. तीही सरसावली. एकाने सूर्यावर बूट फेकून मारला. मिस दीमा त्याला आवरणार होत्या. मग त्यांनी फोटो घेतला.

तेवढ्यात फाटकाशी पांढरी गाडी थांबली. आतून परीक्षक मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर गाझी उतरले. विद्यापीठातून निवृत्त झालेले, गळ्यात मफलर, हातात जपमाळ. त्यांच्या मागोमाग हिरव्या शाळेचे उपक्रमप्रमुख उस्ताद वाइल, म्हणजे वाइल सर, उतरले. आपल्या मुलांनी तीन आठवड्यांपूर्वी रंगवलेली भिंत परीक्षकांना दाखवायला ते आले होते. वाटेत त्यांनी कबुतरांचं बरंच वर्णन केलं असावं, कारण डॉक्टरांची नजर आल्या आल्या कबुतरं शोधू लागली.

कबुतरं सापडली नाहीत. मग डॉक्टरांनी सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या तालियाला विचारलं, “काय चाललंय, बाळ?”

“आधीचा फोटो, डॉक्टर.”

“कशाच्या आधीचा?”

“आम्ही दुपारी भिंत साफ करणार आहोत, त्याच्या.”

उस्ताद वाइल भिंतीजवळ गेले. “माझी मुलं दोन शनिवार राबली या कबुतरावर.”

“कबूतर होतं का ते?” मिस दीमा म्हणाल्या. “आम्हाला कोंबडी वाटली.”

उम्म कुसयने ओढणीआड तोंड लपवलं.

“तुमचे पालक सगळं विकत आणतात, मॅडम,” उस्ताद वाइल म्हणाले. “चिखल तेवढा मुलांच्या हातचा दिसतोय. प्रगती आहे.”

“उस्ताद, तुमच्या मुलांचा सूर्य गोल आहे, तेवढ्यावरून कळतं की तो पेंटरने काढलाय.”

पुढची दहा मिनिटं दोघांनी एकमेकांच्या शाळांची अब्रू पोरांसमोर काढली. इब्तिसामबाई उस्ताद वाइलांकडे बघत होत्या. हिरव्या शाळेच्या ‘आधीच्या’ फोटोत भिंतीवर जी ओल दिसत होती, तीही उम्म कुसयच्याच चोथ्याची होती. उस्तादांनी तेव्हा स्वतः बाही सरसावून ती नीट पसरवली होती आणि ‘नैसर्गिक वाटली पाहिजे’ असं दोनदा बजावलं होतं. ते आता चिखलाकडे बोट दाखवून ‘अनैतिक’ हा शब्द वापरत होते. इब्तिसामबाईंना खरं तर स्वतःची लाज वाटायला हवी होती. त्याऐवजी त्यांच्या मनात आलं, आता या दोघांनाही माझी गरज पडणार.

तसंच झालं. डॉक्टर गाझींनी जाहीर केलं की मंडळ चौकशी करेल आणि संस्थेच्या प्रमुखांचं लेखी निवेदन निर्णायक मानलं जाईल.

रविवारी उस्ताद वाइल बकलावा या मिठाईचा डबा घेऊन आले. सोबत निवेदन टाइप करून आणलं होतं: निळ्या शाळेने परवानगीशिवाय भिंतीची नासधूस केली. सोमवारी मिस दीमा मोठा फुलगुच्छ घेऊन आल्या. त्यांच्या निवेदनात हिरव्या शाळेचा रंग हलक्या प्रतीचा असल्याने आपोआप उडाला होता आणि निळ्या शाळेची मुलं तो खरवडून भिंत वाचवत होती.

“चिखलाने खरवडत होती?” इब्तिसामबाईंनी विचारलं.

“ते तपशील कुणी वाचत नाही हो.”

दोघांनाही त्यांनी एकच उत्तर दिलं. “आधी संडास. सही नंतर.”

उम्म कुसयने बकलावा पोरांना वाटताना विचारलं, “आणि दोघांनीही बांधून दिला तर?”

“तर दोन होतील. आपल्याला एकच हवाय.”

“सही कुणाच्या कागदावर करणार मग?”

इब्तिसामबाईंनी दोन्ही निवेदनं खणात सरकवली. दोन्ही कागदांत खोटं होतं आणि खरं सांगायचं तर बादली कुणी दिली इथून सुरुवात करावी लागली असती.

मंगळवारी निळ्या शाळेचा ठेकेदार आला आणि जुन्या संडासाशेजारी त्याने छातीइतका खोल खड्डा खणला. बुधवारी हिरव्या शाळेच्या टेम्पोतून पाइप, फरशा आणि नवं कोरं भांडं आलं. भांड्याला हिरवी रिबीन बांधलेली होती. मग नवाच पेच पडला. ज्या संडासासमोर वर्षभर कुणी उभं राहायला तयार नव्हतं, त्यावर नावाची पाटी कुणाची लागणार, यावरून अंगणात पुन्हा जुंपली.

“खड्डा आमचा आहे,” मिस दीमा म्हणाल्या.

“खड्ड्यात बसणार आहे का कुणी? भांडं आमचं आहे,” उस्ताद वाइल म्हणाले.

“भांडं उचलून न्या मग. आमचे पालक इटलीचं मागवतील.”

“मागवा ना. तोवर पोरांनी इटलीपर्यंत दम धरायचा का?”

इब्तिसामबाई मध्ये पडल्या. “दोघांची पाटी लावा. हवी तर एक आतून, एक बाहेरून.”

दोघांनी एकाच वेळी विचारलं, “आतली कुणाची?”

त्याच दुपारी मिस दीमांनी रिबीन बांधलेल्या भांड्याचा फोटो परीक्षक मंडळाला पाठवला: हिरवी शाळा साक्षीदाराला लाच देत आहे. अर्ध्या तासाने उस्ताद वाइलांनी खड्ड्याचा फोटो पाठवला, मजकूर जवळजवळ तोच. गुरुवारी सकाळी मंडळाचं पत्रक आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत लाभार्थी संस्थेच्या आवारात कोणत्याही शाळेने कोणतंही काम करू नये. केल्यास तो निवेदनावर दबाव मानून अर्ज बाद होईल. ठेकेदाराने पहार गाडीत टाकली आणि तो गेला. टेम्पो परत आला आणि पाइप, फरशा, भांडं घेऊन गेला. रिबीन सुटून अंगणात पडली. ती एका मुलीने केसांना बांधली.

पोरं खड्ड्यात पडू नयेत म्हणून उम्म कुसयने शनिवारी मागे राहिलेला निळ्या शाळेचा कापडी फलक त्यावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. फलकावर हसऱ्या मुलांचा फोटो होता. तो मधोमध खचला होता.

इब्तिसामबाईंनी डॉक्टर गाझींना फोन लावला.

“डॉक्टर, नोव्हेंबर संपत आलाय, रविवारी परवान्यासाठी निरीक्षक येणार आहेत. काम थांबलंय. दोन्ही शाळांना बाजूला ठेवून मंडळानेच ते पूर्ण करून दिलं तर?”

“मंडळ स्वतः उपक्रम करत नाही, मिस इब्तिसाम. आम्ही फक्त मूल्यमापन करतो.”

“मग मीच गल्लीतला गवंडी आणते. उधारीवर येईल तो.”

“कृपा करून कशालाही हात लावू नका. खड्डा पुरावा आहे. भिंतही धुवू नका.”

इब्तिसामबाईंनी खिडकीतून चिखलाने माखलेल्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “भिंतीचं खरं काय ते ऐकायचंय का तुम्हाला? बादली मी दिली होती. गेल्या महिन्यातही मीच दिली होती, उस्ताद वाइलांना. त्याच्या आधीच्या शाळांनाही. पाच शाळा झाल्या. सगळं लिहून देते, आत्ता.”

पलीकडे जपमाळेचे मणी सरकल्याचा आवाज आला. त्या पाचांतल्या दोन शाळा आधीच्या दोन वर्षांत जिनिव्हाला जाऊन आल्या होत्या आणि दोघींच्या बक्षीससमारंभांत भाषण डॉक्टरांनीच केलं होतं.

“पाच,” ते म्हणाले. “हे बघा, आपण या वर्षापुरतंच बोलू. आणि तुम्ही स्वतःहून काही लिहू नका. निवेदनाचा नमुना आम्ही पाठवू.”

“आणि निरीक्षकांना काय सांगू?”

“ते स्पर्धेच्या कक्षेत येत नाही.”

फोन ठेवल्यावर इब्तिसामबाईंनी खणातून दोन्ही निवेदनं काढली, वाचली आणि परत ठेवली. मग कोऱ्या कागदावर त्यांनी लिहायला घेतलं. पहिलं वाक्य बादलीचं होतं. दुसऱ्या वाक्याशी उम्म कुसय दारात आली आणि म्हणाली, “ज्यांच्या हातात परवाना आहे त्यांच्यासाठी लिहिताय, की ज्यांच्या हातात जिनिव्हा आहे त्यांच्यासाठी?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरवा. माझी धाकटी नातसुद्धा त्या संडासाच्या रांगेत उभी असते.”

गुरुवारी दुपारी बालवाडी सुटली तेव्हा जुन्या संडासापुढे रांग होती आणि चिखल सुकून भिंतीवरून खपल्या पडत होत्या. तालियाला उपक्रम गटातून काढल्याचं निळ्या शाळेने पालकांना कळवलं आहे. कारण ‘परीक्षकांशी अयोग्य संवाद’ असं दिलं आहे. मंडळाचा नमुना अजून आलेला नाही. इब्तिसामबाईंचा कागद टेबलावर आहे, त्यावर दोन वाक्यं आहेत आणि खाली सही नाही. निरीक्षक रविवारी सकाळी दहाला येणार आहेत. परीक्षकांची बैठक त्यानंतरच्या बुधवारी ठेवली आहे.