ठिपका वळला

मी मुळातच आडमुठी. ९११ च्या, म्हणजे संकटात मदतीसाठी लावायच्या फोनच्या, खुर्चीत बसून अर्धं आयुष्य गेलं, तेव्हा नवी यंत्रणा येणार म्हटल्यावर सगळ्यात मोठी बोंब मीच मारली. "चांगलं चाललंय ते कशाला मोडता?" असं भर सभेत कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, पंचांना विचारलं. चांगलं कसलं डोंबलाचं! हिरव्या अक्षरांचा म्हातारा कॉम्प्युटर, भिंतीवर टाचण्या टोचलेला नकाशा आणि कपाटभर पिवळी कार्डं. गाडी एकदा रवाना केली की वायरलेसवर आवाज येईल तेवढंच कळायचं. पण ते माझ्या हातातलं होतं.

सोमवारी सकाळी ओमाहाहून आलेल्या टीग नावाच्या टकलू इंजिनियरने सगळं सुरू केलं. कौंटीचे पोलीसप्रमुख, शेरिफ व्होस, मला म्हणाले, "बर्नडीन, शुक्रवारपर्यंत तोंड बंद ठेवायचं."

"मग फोन कोण घेणार, तुम्ही?"

जेवायच्या आधी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक निळी चौकट उघडली. रिंग नाही, आवाज नाही. नुसती अक्षरं. "ताई, तू आहेस का? आर्डेल ट्रॅक्टरखाली अडकलाय."

लिओटा माझी धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी. आर्डेल तिचा नवरा. वाळूच्या टेकड्यांत दोघांचंच गुरांचं रँच, शेजार म्हणावा तर मैलोन् मैल कुणी नाही. आई कोसळली तेव्हा फोनवर बोलता येत नाही म्हणून लिओटा पिकअप काढून मदत मागायला गेली होती, आणि ती परत येईपर्यंत आई गेलेली. माझा मोबाईल कामावर असताना लॉकरमध्ये असतो, तिला ठाऊक आहे. रविवारी मीच तिला हसत सांगितलं होतं, "आता म्हणे ९११ ला मेसेज करायचा! खूळ नुसतं." तिने ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

मी लगेच लिहिलं, "आहे गं. इंजिन बंद कर. त्याला ओढू नकोस. शुद्धीवर आहे का?"

"आहे. शिव्या देतोय. ओठांवरून कळतंय."

स्क्रीनवरच्या नव्या नकाशात आता प्रत्येक गाडीचा ठिपका दिसत होता; त्यात आमची रुग्णवाहिका शोधली. ती पेशंट घेऊन पार दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात पोचली होती. तेवढ्यात रँचजवळच, नदीपलीकडे, एक हिरवा ठिपका दिसला.

"ही कुणाची?" मी ओरडलेच.

"शेजारच्या कौंटीची. रिकामी परत चाललीय," टीग म्हणाला. "आजपासून त्यांच्याही गाड्या दिसतात."

जत्रेतल्या भांडणापासून दोन्ही शेरिफ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मी वळून म्हटलं, "शेरिफ, मी त्यांची गाडी बोलावतेय."

"अगं बोलाव! विचारतेस काय?"

बटण दाबून ती गाडी आणि आसपासचे अग्निशमन दलाचे स्वयंसेवक बोलावले. हिरवा ठिपका थांबला, आणि वळला.

मग जे दिसलं ते कसं सांगू! मी जन्मभर माणसं रवाना केली, पण जाताना कुणाला पाहिलं नव्हतं. आता स्वयंसेवकांच्या मोबाईलचेही ठिपके दिसत होते. धान्याच्या कोठारातून एक निघाला. एक चर्चच्या मागून. शाळेच्या स्वयंपाकघरातली डार्ला निघाली, कढईखालचा गॅस तरी बंद केला असेल की नाही देव जाणे. नदीच्या अलीकडून, पलीकडून, एकेक ठिपका आपलं काम टाकून त्या उजाड टेकडीकडे धावत होता. "अगं बाई," एवढंच तोंडून निघालं. शेरिफनी टोपी काढून हातात धरली.

ठिपके एका जागी गोळा झाले. पुढे काय, ते स्क्रीन सांगत नव्हता. मी त्या निळ्या चौकटीकडे बघत राहिले.

"काढलं. पाय मोडलाय. जिवंत आहे."

मी तिथेच हुंदके देऊन रडले. कुणाची लाज वाटली नाही.

चौकट पुन्हा उजळली. "ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी फोन केला, आणि कुणीतरी उचलला."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. टीग हळूच म्हणाला, "लिहा मॅडम, ती वाट बघतेय."

डोळे पुसले आणि लिहिलं, "बोल."