पाटसच्या कामाची गाडी

शिरूरच्या एका अंगणात उभी असलेली मी जुनी मोटारसायकल. आता चालत नाही, म्हणून बोलते आहे.

दोन हजार सालच्या सुमारास सर्जेरावांनी मला घेतले. ते रांजणगावला नोकरीला होते. तिथे न्यायला कंपनीची बस येई. सुट्टीच्या दिवशी मात्र ते पाटसकडच्या गुऱ्हाळांतल्या चरकांच्या मोटारी दुरुस्त करण्याचे कंत्राट घेत. मी त्या कामाची.

पहिल्याच वर्षी ते करसल्लागार रखमाजी आप्पांकडे गेले. आप्पा म्हणाले, "नोकरीला जायचा खर्च पगारातून वजा होत न्हाई. कंत्राटाच्या उत्पन्नातून त्या कामाचा खर्च व्हतो. गाडी फक्त धंद्यालाच ना?"

"व्हय आप्पा. फक्त धंद्याला."

दिलेला शब्द खरा करायचा, म्हणून सर्जेरावांनी माझ्या मागच्या सीटवर हत्यारांची पेटी दोरीने कायमची बांधली.

त्यांच्या पत्नीचे, साधनाचे, माहेर खुटबाव. पाटसच्या वाटेवर चौफुल्याहून जवळच. तिची आई अंथरुणाला खिळली होती.

"चौफुल्यापतुर सोडा की मला."

"न्हाई जमायचं. गाडी धंद्याची हाय, तसं सांगितलंय आप्पांना."

"आन् मी कशात धरली? घरखर्चात?"

ती एसटीने गेली. संध्याकाळी आम्ही पाटसहून परतताना ती चौफुल्यावर गाठोडे घेऊन एसटीची वाट पाहत उभी दिसली. सर्जेरावांनी मला थांबवले.

"आई इचारत व्हती, जावई कुठं हाय," ती म्हणाली. मग तिने माझ्या मागच्या सीटवरच्या पेटीकडे पाहिले. "जा तुम्ही. पेटीला उशीर व्हईल."

एसटी आली. आम्ही शिरूरपर्यंत तिच्या मागे मागे गेलो. पुढे काढण्याइतका रस्ता मोकळा होता. सर्जेरावांनी काढले नाही.

दुसऱ्याच दिवशी ते आप्पांपुढे बसले. आप्पा हसले. "बायकूला बसवू नका, असं कुणी म्हणलं? घरच्या फेऱ्यांचा खर्च वगळा, धंद्याचा तेवढा धरा. विवरणपत्र अजून भरलंय कुठं?"

सर्जेरावांनी पेटी सोडवून बाजूच्या कॅरियरला लावली. पुढच्या सुट्टीला साधना मागे बसली. चौफुल्याला तिने त्यांच्या खांद्यावर बोट टेकवले.

"इथवर तुमचा धंदा. इथनं खुटबाव माझ्यात लिहा."

सासूने त्या दिवशी अंथरुणातूनच जावयाला स्वतःच्या हाताने पाणी दिले.

आता मला भंगारात देण्याचे चालले आहे. द्यावे, माझी तक्रार नाही. मागच्या सीटवर दोरीचे वळ अजून आहेत आणि त्यांवर बसून बसून पडलेला एक खोलगट भागही. ती सीट तेवढी साधनाला विचारून काढा.