सतरा नंबरची वसाहत

मला डोंगरातल्या चेर्केस लोकांची बोली येत होती, म्हणून मोजणीच्या कामावर माझी नेमणूक झाली. आमचं कोसॅकांचं गाव कुबान नदीच्या अलीकडच्या तीरावर. झारच्या फौजेची त्यांच्याशी लढाई चालू असतानाही मी दहा वर्षं मीठ घेऊन पलीकडे जात होतो आणि मध, कातडी घेऊन परत येत होतो. त्यात बोली आपसूक जिभेवर बसली.

कप्तान लेव्हित्स्की तिफ्लिसच्या लष्करी कचेरीतून आला होता. तरुण, नीटनेटका. बोलायला वाईट नव्हता. नदीपलीकडच्या चेर्केसांना त्या हिवाळ्यात समुद्राकडे हाकलून झालं होतं. आता त्यांच्या मुलखात कोसॅकांच्या लष्करी वसाहती बसवायच्या होत्या. आमच्या वाट्याची जागा डोंगराच्या पायथ्याशी, सपाट तळात. तिला अजून नाव नव्हतं, नुसता सतरा नंबर. नकाशा तिफ्लिसलाच तयार झाला होता. पाचशे पावलांचा चौरस, भोवती खंदक, आत काटेरी कुंपण, कोपऱ्यांत तोफा, मधोमध चर्च आणि तिथून सरळ रेषेत निघालेले रस्ते. घरं एकशेऐंशी. आम्ही फक्त तो कागद जमिनीवर उतरवायचा.

तिसऱ्या दिवशी वरच्या उतारावरून एक म्हातारा काठी टेकत खाली आला. वर जळलेलं गाव होतं, त्यातच कुठंतरी तो मागं राहिला असावा. शिपायानं बंदूक उचलली. मी म्हणालो, "राहू दे, म्हातारा आहे." जवळ आला तेव्हा ओळखला. हातुको. त्याच्या घरी मी दोनदा जेवलो होतो.

"मीठवाला ना रे तू?" त्यानं विचारलं.

"हो बाबा."

"काय चाललंय हे?"

"गाव बसवतोय."

त्यानं खुंट्यांच्या रांगेकडे पाहिलं. "इथं? अरे, इथं आम्ही म्हैससुद्धा बांधत नव्हतो. उन्हाळा उतरला की या तळातून धुकं उठतं. त्यात जो झोपला त्याला ताप धरतोच. आमचे पणजे काय हौस म्हणून वर चढून राहिले होते? सांग तुझ्या साहेबाला. वर बांधा म्हणावं. घरं जाळलीत ती जाळलीत, जागा चांगली आहे."

"काय म्हणतोय म्हातारा?" कप्तानानं हातातल्या वहीतून मान वर केली.

शनिवारपर्यंत काम संपलं तर घरी जा, असं त्यानं मला सांगितलं होतं. उतारावर तो चौरस मावला नसता. कागद पुन्हा तिफ्लिसला गेला असता, आणि मी उन्हाळाभर तिथंच अडकलो असतो. घरी माझं गवत कापायला आलं होतं. मोत्र्या, माझी बायको, एकटी होती.

"जमीन जरा ओलसर आहे म्हणतोय, साहेब."

"मग चांगलंच की. भाजीपाला होईल." त्यानं वहीत लिहून घेतलं.

हातुकोनं माझ्याकडे पाहिलं. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"ऐकत नाहीत, बाबा."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. तू तुझं केलंस."

दोन दिवसांनी शिपायांनी त्याला गाडीत घालून समुद्राकडे पाठवलं. मी तेव्हा चौरसाच्या पलीकडच्या टोकाला खुंट्या ठोकत होतो. संध्याकाळी कळलं. शनिवारी काम संपलं आणि मी घरी गेलो.

गवत छान झालं होतं त्या वर्षी.

शरद ऋतूत हुकूम आला. आमच्या गावातून चोवीस कुटुंबं वसंतात पलीकडे जायची. अतामान, म्हणजे आमचा गावप्रमुख, म्हणाला, "आपणहून कोण जातो?" कुणी हललं नाही. मग त्यानं आपली टोपी काढली, तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या. अकरावी चिठ्ठी माझी निघाली. लोक माझ्याकडे वळून बघत होते. मला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढं कळत होतं.

घरी मोत्र्यानं विचारलं, "कुठला नंबर?"

"सतरा."

"तूच मोजून आलास ना तो? कसा आहे?"

"सपाट आहे."

"पाणी?"

"पाणी आहे."

"मग झालं की. तोंड का पाडतोस? वाघ खातोय का तिथं?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बाजरीच्या पोत्यांवर ताडपत्री टाक, पाऊस येतोय."

वसंतात आम्ही एकशेऐंशी कुटुंबं तिथं उतरलो, आमची चोवीस आणि बाकीची इतर गावांतून आलेली. घरं नकाशाप्रमाणे बांधली. आमचं दक्षिणेच्या रस्त्यावर, डावीकडून चौथं. भिंतींसाठी माती काढली त्या खड्ड्यांत पाणी साचलं ते आटलंच नाही. उन्हाळा उतरला तसं सकाळी धुकं दिसायला लागलं. शेजारच्या पानासची दोन्ही मुलं एका आठवड्यात गेली. मग रोजच कुणी ना कुणी. तापावरचं कोयनेल आलं ते पलटणीपुरतं. पाद्रीबाबा नकाशा मागायला ठाणेदाराकडे गेले, दफनाची जागा कुठं ते बघायला. नकाशात ती नव्हती. मग आम्ही खंदकाबाहेर खड्डे खणू लागलो. दोघं खणायचे, दोघं बंदुका घेऊन डोंगराकडे बघत उभे राहायचे. माझी पाळी एक दिवसाआड असायची.

मोत्र्याला ताप धरला तेव्हा ती थट्टाच करत होती. "ही जागा शोधून काढणाऱ्याच्या सासूला आणून ठेवा इथं, म्हणावं. चांगलं कोपऱ्यावरचं घर द्या तिला." दात वाजत होते तिचे. मी मेंढीच्या कातड्याची दोन पोस्तीनं अंगावर टाकली, वर माझा कोट.

तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं. म्हातारा काय म्हणाला, मी कप्तानाला काय सांगितलं, सगळं. ती छपराकडे बघत पडली होती. मला वाटलं, ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "गवतासाठी?"

"हो."

"मी एकटीनं कापलं असतं रे."

एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. खणायची पाळी माझीच होती. पानास म्हणाला, "ओव्हेर्को, तू बस, आम्ही करतो." मी फावडं सोडलं नाही.

पुढच्या वसंतात कप्तान लेव्हित्स्की नवा कागद घेऊन आला. वसाहत वर उतारावर हलवायची असं ठरलं होतं. एकशेऐंशी घरांपैकी त्र्याण्णव चालू होती. तो चर्चपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "हे मला कुणी आधी कसं सांगितलं नाही?"

"म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, साहेब," मी म्हणालो. "मी तुम्हाला सांगितलं नाही. मला घरी जायचं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं. चाबूक मारला असता तरी चाललं असतं. त्यानं वही काढली, पानं चाळली, एका जागी बोट ठेवलं.

"ओलसर, भाजीपाल्यास योग्य," त्यानं वाचलं. "माझ्याकडे असं लिहिलंय." वही मिटली. "तुझ्या घरचं कोणी...?"

"बायको."

"अं." त्यानं वही खिशात टाकली. "चल, मोजणीची साखळी धर. ऊन चढायच्या आत उत्तरेची बाजू उरकू."

मी साखळी धरली. चौरस वर मावलाच नाही. एक कोपरा छाटावा लागला, आणि छाटताना त्याला काही अवघडही गेलं नाही.

वर ताप आला नाही. दोन वर्षांनी मी ख्रिव्ह्र्याशी लग्न केलं. तीही तळातलीच, नवरा आणि दीर तिथंच ठेवून आलेली. आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही. तिच्या दोन मुली मला बाबा म्हणतात.

एकदा समुद्रकिनाऱ्यावर पहाऱ्याला असलेला एक कोसॅक आमच्याकडे उतरला. मी त्याला हातुकोबद्दल विचारलं. काठी टेकणारा, एका कानाची पाळी तुटलेला.

"काका, किनारा माणसांनी भरलेला होता," तो म्हणाला. "तुर्कांची जहाजं थोडी आणि माणसं ही एवढी. हिवाळ्यापर्यंत बसून होती बिचारी. म्हातारे तर किती होते. कुणाचा कान बघणार?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ख्रिव्ह्र्यानं त्याला बिटाचं गरम बोर्श वाढलं. तो दोन वाट्या जेवला, घोड्याला पाणी पाजलं आणि गेला. माझं कुंपण अर्धं राहिलं होतं, ते मी करायला घेतलं.